कांडवेलीचे पेर आणि कांडवेलीचे फूल

कांडवेल ही दख्खनच्या कोरड्या माळांवर, शेतांच्या कुंपणांत आणि काटेरी झुडपांच्या रानात थोर-शेरांच्या आधाराने चढणारी वेल असून तिला हाडसांधी, हाडजोडी, चौधारी अशीही नावे आहेत. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव सिसस क्वाड्रँग्युलॅरिस असे असून तिची गणना व्हायटेसी, म्हणजे द्राक्षकुलात होते. भारताखेरीज श्रीलंका, आग्नेय आशिया, अरबस्तान आणि उष्णकटिबंधीय आफ्रिका या प्रदेशांतही ती वाढते. नाशिक-सांगलीकडची मांडवावरची द्राक्षबाग ज्याने पाहिली आहे त्याला हे नाते सहजासहजी पटत नाही, कारण द्राक्षवेलीचे खोड लाकडी, सालपटे सुटणारे आणि पान तळहाताएवढे रुंद, तर कांडवेलीचे खोड हिरवे, मांसल, चार धारांचे, पेरापेराला आवळलेले आणि वर्षातला बराच काळ जवळजवळ निष्पर्ण असते. मग हे नाते कशाच्या बळावर मानायचे, आणि वनस्पतीची ओळख तिच्या कोणत्या अवयवात शोधायची, हा प्रश्न उरतो.

या प्रश्नाला दोन बाजूंनी भिडता येते. एक बाजू वैद्याची: तो वेल हाताळतो, तोडतो, चाखतो, लावतो आणि तिच्या खोडावरून तिला ओळखतो. दुसरी बाजू वर्गीकरणशास्त्राची, म्हणजे वनस्पतींची परस्परनाती ठरवून त्यांना नावे देणाऱ्या शास्त्राची. ते फूल, फळ आणि बी यांना प्रमाण मानते. पुढील संवादात पहिली बाजू वैद्यबुवांनी आणि दुसरी महाविद्यालयात वर्गीकरणशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी मांडली आहे.

वैद्यबुवांचे प्रतिपादन खोडापासून सुरू झाले. "बाई, कांडवेल ओळखायला फूल लागत नाही. बोटाएवढे जाड, साधारण ८ ते १० सेंटीमीटर लांबीचे एकेक कांडे, त्याच्या चार कडांना पंखासारख्या पातळ धारा, आणि दोन कांड्यांमध्ये सांध्यासारखे आवळलेले पेर, हे लक्षण एकदा डोळ्यांत बसले की माणूस अंधारात हात लावूनही तिला ओळखतो. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात तिची जी नावे येतात, ग्रंथिमान, वज्रांगी, अस्थिशृंखला, अस्थिसंहारी, ती सगळी खोडाकडे पाहून दिलेली आहेत. ग्रंथिमान म्हणजे गाठी असलेली, अस्थिशृंखला म्हणजे हाडांची साखळी. तमिळनाडूत पिरंडै म्हणतात, आंध्रात नल्लेरु; पण तिथल्या जाणत्यांनाही वेल दाखवा, ते आधी कांडेच मोडून पाहतील. फुले पावसाळ्याच्या सुमारास थोडे दिवस येतात आणि ती इतकी बारीक की जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. वर्षाचे उरलेले महिने जे दिसत नाही, त्याला ओळख कसे म्हणावे?"

(अस्थिसंहारी या नावाबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. संहार या शब्दाचा नाश हा अर्थ आज रूढ असला तरी संस्कृतात त्याचा मूळ अर्थ एकत्र आणणे, आवळून घेणे असा आहे. त्यामुळे हे नाव हाडांचा नाश करणारी असे नसून हाडे सांधणारी असे वाचावयाचे आहे.)

बाईंनी या वर्णनातील एकही तपशील नाकारला नाही. त्यांचा आक्षेप त्यावरून काढलेल्या निष्कर्षाला होता. "वैद्यबुवा, आपण सांगता ते लक्षण खरे आहे, पण ते नात्याचे लक्षण नाही. चौकोनी खोड तुळशीचेही असते. चार धारांचे मांसल, निष्पर्ण खोड माकडशिंगीचे असते, आणि माकडशिंगी तर रुईच्या कुलातली. अमेरिकेतून आलेला फड्या निवडुंग आणि आपल्या डोंगरावरचा थोर यांना लोक एकाच नावाने हाक मारतात, पण एक कॅक्टसच्या कुलातला आणि दुसरा एरंडाच्या कुलातला. थोराच्या खोडातून पांढरा, त्वचेला पोळणारा चीक निघतो, निवडुंगाच्या खोडातून तसा निघत नाही. पाणी कमी आणि ऊन कडक असेल तिथे वेगवेगळ्या घराण्यांच्या वनस्पती एकाच तऱ्हेचे अंग धारण करतात. पोशाख सारखा म्हणून माणसे एका गोताची ठरत नाहीत, तसेच हे आहे. आणि पेरांचेही तेच. नेपाळात सांधेदार बांडगुळाच्या एका जातीला हाडचूर म्हणतात आणि तिचाही उपयोग हाडांसाठी सांगतात. गाठ दिसली की हाड आठवावे, हा मनाचा स्वभाव आहे, वेलीचा नव्हे."

वैद्यबुवांचे उत्तर अभ्यासपूर्ण होते आणि ते बाईंच्याच शास्त्राच्या इतिहासातून आले. केरळातील वनस्पतींची नोंद करणारा हॉर्टस मलबारिकस हा १२ खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात या वेलीला तिच्या मल्याळम नावानेच स्थान मिळाले. पुढे इंडोनेशियातील अँबोन बेटावर राहिलेल्या रुम्फियस या निसर्गअभ्यासकाच्या, अठराव्या शतकात छापल्या गेलेल्या ग्रंथात तिचे लॅटिन नाव आले ते चौकोनी दोर या अर्थाचे. "आणि खुद्द लिनीअसने," वैद्यबुवा म्हणाले, "१७६७ मध्ये तिला आजचे नाव दिले, तेव्हा जातीचे नाव क्वाड्रँग्युलॅरिस, म्हणजे चौकोनी, हेच ठेवले. फुलांवर शास्त्र उभे करणाऱ्याला ही वेल ओळखताना खोडाचाच आधार घ्यावा लागला. उलट फुलांची मोजणी त्याने जिथे केली, तिथे तो फसला. पुंकेसर किती, यावरून त्याने वर्ग पाडले. द्राक्षाच्या फुलात पाच पुंकेसर म्हणून द्राक्ष एका वर्गात गेले, सिससच्या फुलात चार म्हणून सिसस दुसऱ्या वर्गात गेली. फुलाने सख्ख्या बहिणींची ताटातूट केली, असे म्हणावे लागेल."

हा आघात वर्मी बसणारा होता आणि बाईंनी तो प्रामाणिकपणे स्वीकारला. लिनीअसची पद्धत कृत्रिम होती, म्हणजे शोधायला सोपी म्हणून निवडलेल्या एखाद्या खुणेवर आधारलेली होती, हे त्यांनी मान्य केले. "म्हणूनच," त्या म्हणाल्या, "ज्युस्यू या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८९ मध्ये एका खुणेऐवजी अनेक खुणांचा एकत्र विचार करून कुले बांधली, आणि त्याच्या मांडणीत सिसस आणि द्राक्ष एकाच कुलात शेजारी बसली. संख्या मोजण्यापेक्षा जागा पाहणे महत्त्वाचे, हे त्यामागचे तत्त्व. बहुतेक फुलांत पुंकेसर दोन पाकळ्यांच्या मधल्या फटीसमोर उभे असतात. द्राक्षकुलात मात्र प्रत्येक पुंकेसर पाकळीच्या नेमका समोर असतो. कांडवेलीचे दोन-तीन मिलिमीटरचे हिरवट-तांबूस फूल भिंगाखाली धरले तर चार पाकळ्या, प्रत्येकीसमोर एक असे चार पुंकेसर, मधोमध मध स्रवणारी चार खंडांची चकती आणि त्या चकतीत बसलेला दोन कप्प्यांचा अंडाशय दिसतो. प्रत्येक कप्प्यात दोन बीजके, म्हणजे बी होऊ शकणारे भाग. द्राक्षाच्या फुलात चाराऐवजी पाच आणि पाकळ्या टोकाला जोडलेल्या असल्याने त्या टोपीसारख्या एकदम गळतात. एवढा फरक सोडला तर फुलाचा घाट तोच."

"पाकळीसमोर पुंकेसर बोरीच्या फुलातही असतात," वैद्यबुवांनी आठवण करून दिली. "मग बोर आणि द्राक्ष एका घरची म्हणायची का?"

"दीर्घ काळ तसेच मानले गेले," बाई उत्तरल्या, "आणि ते चुकीचे निघाले. बोरीचे कुल आणि द्राक्षकुल एकाच गणात, म्हणजे अनेक कुलांच्या मोठ्या समूहात, ठेवण्याची प्रथा होती. जनुकांची तुलना करता आल्यावर बोर ही गुलाब, वड, उंबर यांच्या बाजूला गेली आणि द्राक्षकुल स्वतंत्र गणात एकटे उरले. जागाही फसवते, हे कबूल केलेच पाहिजे. पण वैद्यबुवा, ज्या खुणेने अजून फसवलेले नाही ती बियात आहे. बिया असलेली काळी मनुका घ्यावी, बी धुऊन पाठीकडून पाहावे. पाठीवर एक गोलसर ठसा दिसतो आणि पोटाच्या बाजूला दोन उभ्या खाचा दिसतात. हा ठसा म्हणजे बीजकाला अन्नरस पुरवणारी वाहिनी जिथे पसरते ती जागा. सिससच्या बियात तो ठसा गोल नसून लांब रेघेसारखा असतो, पण पोटाच्या दोन खाचा असतातच. इतर कुठल्याही कुलात ही जोडी अशी सापडत नाही."

बियाच्या या साक्षीचे सर्वांत मोठे उदाहरण बाईंनी दख्खनच्याच भूमीतून दिले. दख्खनचे पठार ज्या लाव्हाच्या थरांनी बनले, त्या थरांच्या मध्ये काही ठिकाणी तळ्यांचा गाळ साचून त्याचा गारगोटीसारखा कठीण दगड झाला आणि त्यात त्या काळच्या वनस्पतींची फळे-बिया शिळारूप होऊन राहिल्या. मध्य भारतातील या दगडांतून मिळालेल्या द्राक्षकुलाच्या फळांना मँचेस्टर, कापगते आणि वेन या संशोधकांनी २०१३ मध्ये इंडोव्हायटिस चितळेई असे नाव दिले. दख्खनच्या जीवाश्मांवर काम केलेल्या पुरावनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. चितळे यांचा तो गौरव आहे. ही फळे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची, म्हणजे डायनोसोर नाहीसे होण्याच्या काळातली असून त्या वेळी ज्ञात असलेल्या द्राक्षकुलाच्या फळांत ती सर्वांत जुनी ठरली. "तिथे खोड नाही, पान नाही, पाकळी नाही," बाई म्हणाल्या. "चव पाहायला रस नाही. केवळ बियाची पाठ आणि पोट यांवरून घराणे ओळखता आले. आपल्या कांड्याला हे साधले नसते."

या मुद्द्यावर वैद्यबुवांजवळ प्रत्युत्तर नव्हते आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ते असूही शकत नाही; नाते ठरवण्याच्या कामी बियाचा पुरावा निर्णायक आहे. मात्र वैद्यबुवांनी वादाचा रोख बदलला, आणि त्यांचा खरा पक्ष तिथेच उघड झाला. "घराणे कळले, पण वेल कळली का?" त्यांनी विचारले. "द्राक्षकुलातल्या बहुतेक वेलींना मातीत पुरेशी ओल लागते, मग हीच खडकाळ माळावर, वैशाखाच्या उन्हात, पाणी न घालता कशी जगते? तोडून आणलेले कांडे कोपऱ्यात ठेवले तर आठवडेच्या आठवडे हिरवे राहते आणि दोन पेरांचा तुकडा जमिनीत खोचला की पेराशी मुळ्या फुटतात. तिचे जगणे खोडात आहे. आणि तुमच्या वनस्पतिसंग्रहात तेच खोड कागदावर दाबून वाळवतात, तेव्हा धारा चपट्या होतात, रस जातो, सांधे निखळतात. जे उरते ते वेलीचे कलेवर असते."

येथे बाईंनी वैद्यबुवांना नुसता होकार दिला नाही, तर त्यांच्या बाजूने अधिक पुरावा आणला. वनस्पती हवेतला कार्बन डायऑक्साइड पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, घेतात आणि सूर्यप्रकाशात त्यापासून अन्न तयार करतात. पण दिवसा रंध्रे उघडी ठेवली की आतले पाणीही उडून जाते. काही मांसल वनस्पतींनी यावर वेगळा मार्ग काढला आहे: त्या रात्री रंध्रे उघडतात, आत आलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींत साठवतात, आणि दिवसा दारे बंद करून त्या साठ्यातून अन्न करतात. पानफुटीच्या कुलावरून या प्रक्रियेला क्रॅस्युलेसी आम्ल चयापचय असे नाव पडले आहे. टिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये कांडवेलीचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात असे दिसले की तिचे खोड या रात्रीच्या पद्धतीने चालते, तर तिची पाने पाणी पुरेसे असताना सर्वसाधारण पानांसारखी दिवसा काम करतात. एकाच वेलीच्या अंगावर दोन रीती नांदतात. पावसाळ्यात वरच्या पेरांवर २ ते ५ सेंटीमीटरची, हृदयाकृती, दातेरी कडांची पाने फुटतात, भराभर अन्न करतात आणि ओल सरताच गळून जातात. मग संसाराचा भार हिरव्या खोडावर येतो. धारांमुळे खोडाचा पृष्ठभाग वाढून प्रकाश अधिक मिळतो आणि पाणी धरणाऱ्या गाभ्याला धक्का लागत नाही.

"आणि या शोधाची सुरुवात जिभेने झाली," बाईंनी पुढे सांगितले. "१८१५ मध्ये भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन यांनी लिहिले की पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते, दुपारी त्याची चव जाते आणि संध्याकाळी ते किंचित कडवट होते. उपकरण नव्हते, त्यांनी दिवसातून तीन वेळा पान चावून पाहिले. रात्री साठलेले आम्ल दिवसभरात खर्च होते, याची ती पहिल्या काही नोंदींपैकी एक आहे."

"तर मग कांडे पहाटे तोडले आणि सायंकाळी तोडले यांत फरक पडायला हवा," वैद्यबुवांनी तत्काळ ताडले.

"आम्लाच्या प्रमाणात पडतो. औषधी गुणांत किती पडतो, हे स्वतंत्रपणे तपासावे लागेल," बाईंनी मर्यादा घालून दिली.

यानंतर वैद्यबुवांनी नावांच्या अस्थिरतेचा विषय काढला, कारण औषधी ग्रंथांत आणि मालाच्या पावत्यांत त्याचा त्रास प्रत्यक्ष होतो. एकोणिसाव्या शतकात ही वेल व्हायटिस, म्हणजे द्राक्षाच्याच प्रजातीत ढकलली गेली. जवळच्या नात्याच्या जातींचा गट म्हणजे प्रजाती. हूकर यांच्या फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया या ग्रंथाच्या १८७५ मधील पहिल्या खंडात लॉसन यांनी तिला व्हायटिस क्वाड्रँग्युलॅरिस म्हटले. १८८७ मध्ये प्लांशाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने संपूर्ण कुलाची फेरमांडणी करून सिसस पुन्हा वेगळी केली. द्राक्षाच्या मुळांचा नाश करणाऱ्या फायलोक्झेरा या किडीला १८६८ मध्ये ओळखणाऱ्यांपैकी हाच तो प्लांशाँ. "आज काय, उद्या काय," वैद्यबुवांची तक्रार अशी होती, "आणि कांडवेल मात्र भावप्रकाशकार भावमिश्राच्या काळापासून कांडवेलच."

बाईंनी याचे उत्तर थोडक्यात दिले. नाव बदलते तेव्हा नात्याची समजूत सुधारलेली असते आणि त्या समजुतीवर शेतीही चालते. फायलोक्झेराने युरोपातील बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा त्या सावरल्या त्या अमेरिकेतील रानटी द्राक्षजातींच्या खुंटांवर कलमे बांधून. महाराष्ट्रातील बागायतदार खारवट जमीन आणि पाण्याची टंचाई यांवर उपाय म्हणून डॉगरिज खुंट वापरतो, तोही व्हायटिस प्रजातीतलाच आहे. खुंटासाठी कोणते नातलग जवळचे आणि कोणते दूरचे, हे ठरवण्याचे काम खोडाच्या कणखरपणावरून होत नाही. नाहीतर दुष्काळाला न जुमानणारी कांडवेलच प्रत्येकाने खुंट म्हणून लावली असती.

येथवर फूल आणि खोड हे दोन वेगळे साक्षीदार मानून वाद चालला होता. तो ज्या अवयवापाशी येऊन थांबला तो अवयव म्हणजे प्रतान, द्राक्ष बागायतदारांच्या भाषेत बाळी: आधार सापडताच त्याला वेढे देऊन वेलीला वर ओढून घेणारा दोऱ्यासारखा अवयव. काकडी, कारले, कृष्णकमळ यांनाही प्रतान असतात, पण ते पानाच्या बगलेशी किंवा तिच्या जवळपास निघतात. द्राक्षकुलात प्रतान पानाच्या बरोबर विरुद्ध बाजूला, पेराच्या दुसऱ्या अंगाला निघतो. कांडवेलीच्या कोवळ्या शेंड्याकडे पाहिले तर पेराच्या एका बाजूला पान आणि समोरच्या बाजूला न फाटलेला, लांब, एकेरी प्रतान दिसतो. फूल नसले, फळ नसले, तरी या एका मांडणीवरून घराणे ओळखता येते.

"म्हणजे पेरच बोलले," वैद्यबुवा म्हणाले.

"बोलले, पण फुलाच्या भाषेत," बाई म्हणाल्या. "प्रतान हा मुळात फुलोऱ्याचा देठ आहे. कांडवेलीचा छत्रीसारखा छोटा फुलोरा कुठे येतो ते पाहावे. पानाच्या समोर, म्हणजे जिथे एरवी प्रतान यायचा तिथेच. आपल्याकडच्या रानद्राक्षात तर फुलोऱ्याच्या देठालाच प्रतान फुटलेला असतो, दोन्ही एका दांड्यावर. चार्ल्स डार्विन यांनी वेलींच्या हालचालींवरील अभ्यासात द्राक्षाच्या प्रतानापासून फुलोऱ्याच्या देठापर्यंतच्या मधल्या सर्व पायऱ्या पाहून नोंदवल्या आहेत."

या ठिकाणी बाईंनी नाशिक, सांगली, सोलापूरकडच्या बागायतदारांच्या अनुभवाचा दाखला दिला, आणि तो संपूर्ण संवादातील सर्वांत मोलाचा दाखला आहे. घडाचे बाळीत रूपांतर होणे, ही त्या बागायतदारांची जुनी डोकेदुखी आहे. खरड छाटणीनंतर, म्हणजे नव्या काड्या तयार करण्यासाठीच्या छाटणीनंतर, उन्हाळ्यात डोळ्यांच्या आत सूक्ष्म घडनिर्मिती होते. त्या दिवसांत प्रकाश कमी पडला, ढगाळ हवा राहिली किंवा वेलीचा जोम बेसुमार वाढला, तर गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीनंतर, त्या डोळ्यांतून घड निघण्याऐवजी अर्धवट घड किंवा नुसती बाळी निघते. म्हणून वाढ आवरण्यासाठी बागायतदार सीसीसी हे वाढनियंत्रक फवारतो. ते वेलीतील जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाला आळा घालते. बॉस आणि थॉमस या संशोधकांनी २००२ मध्ये पिनो म्युनिए या द्राक्षवाणापासून मिळालेल्या एका खुज्या वेलीचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका जनुकातील बदलामुळे ती वेल जिबरेलिनला दाद देत नव्हती, आणि तिच्यावर जिथे बाळ्या यायच्या तिथे घड लागत होते. प्रयोगशाळेत जे सिद्ध झाले त्याच्याशी जुळणारा अनुभव शेतकऱ्याच्या बोलीत आधीपासून होता: बाळी आणि घड ही एकाच अंकुराची दोन रूपे आहेत, आणि कोणते रूप धरायचे हे पाणी, प्रकाश आणि जोम यांवर ठरते.

हे ऐकल्यावर वैद्यबुवांनी आपली भूमिका पुन्हा मांडली, ती आता अधिक नेमकी झाली होती. "तर खोडावर जे अवयव दिसतात, त्यांतला एक तरी फुलोऱ्याचाच आहे. मग फूल नसलेल्या दिवसांत वेलीला ओळखायचे तर चार धारा मोजून थांबू नये. पेर हातात घ्यावे, पानाची खूण एका अंगाला आणि प्रतानाची खूण समोरच्या अंगाला आहे की नाही ते पाहावे. धारा फसवतील, ती जोडी फसवणार नाही." बाईंनी याला दुजोरा दिला आणि माळावर शेर, माकडशिंगी आणि कांडवेल एकत्र गुंतलेल्या असताना ही कसोटी विशेष उपयोगी पडते, असे सांगितले; पेर मोडल्यावर दुधासारखा चीक आला तर ती कांडवेल नव्हे, ही दुसरी खूणही त्यांनी जोडली, कारण कांडवेलीचा रस पाणचट आणि बुळबुळीत असतो.

औषधी गुणांवर दोघांनी फार वेळ घालवला नाही. लाक्षादि गुग्गुळात अस्थिसंहार हा घटक असतो, आणि वाराणसीत उडुपा व प्रसाद यांनी १९६०च्या दशकात उंदरांवर केलेल्या प्रयोगांत मोडलेले हाड लवकर सांधण्यास या वेलीचा उपयोग दिसला, हे वैद्यबुवांनी सांगितले; प्राण्यांवरील निष्कर्ष आणि माणसांवरील लहान चाचण्या यांच्या आधारावर हाड बसवणे आणि प्लास्टर यांची जागा ही वेल घेऊ शकत नाही, हे बाईंनी सांगितले, आणि वैद्यबुवांनी ते निःशंकपणे मान्य केले. कच्चे कांडे खाल्ल्यास तोंड आणि घसा खाजतो, याचे कारण मात्र दोघांच्याही विषयात बसणारे निघाले. कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक तिच्या पेशींत जुडग्यांनी भरलेले असतात, आणि असे सुईस्फटिक हे संपूर्ण द्राक्षकुलाचे अंतर्गत लक्षण आहे. तमिळनाडूत पिरंडैची चटणी करताना कोवळ्या कांड्यांच्या धारा सोलून, तेलात परतून, चिंचेबरोबर वाटण्याची रीत आहे, ती ही खाज घालवण्यासाठी. द्राक्षाच्या सालीत आढळणाऱ्या रेस्व्हेराट्रॉल या द्रव्याच्याच गोत्रातली क्वाड्रँग्युलॅरिन नावाची संयुगे कांडवेलीच्या खोडातून वेगळी केली गेली आहेत. जे नाते प्रारंभी सहजासहजी पटत नव्हते, ते वैद्यबुवांच्या खलबत्त्यातल्या रसातही उतरलेले होते.

शेवटी उरला तो व्यवहाराचा प्रश्न. औषधासाठी कांडवेल तोडताना कोवळ्या, रसरशीत शेंड्यांना मागणी असते, आणि पान, प्रतान, फुलोरा हे सर्व त्याच शेंड्यांवर येते. म्हणून कुंपणातील वेल सतत तोडली गेली की ती खोडाच्या तुकड्यांवर जगत राहते, पण फुलत नाही, आणि तुकड्यांपासून लावलेल्या वेलींत बियांतून येणारी विविधता राहत नाही. वैद्यबुवांनी आपल्या लागवडीतील काही वेली न तोडता राखण्याचे आणि मालाच्या प्रत्येक खेपेसोबत प्रतानासह एक पेर ओळखीसाठी ठेवण्याचे कबूल केले. बाईंनी संग्रहासाठी नमुना दाबण्यापूर्वी ताज्या खोडाचे मोजमाप, धारांची रुंदी आणि आडव्या छेदाचे चित्र त्याच कागदावर नोंदवण्याचा नियम विद्यार्थ्यांना घालून देण्याचे ठरवले. ज्यांच्या बांधावर किंवा परसात कांडवेल आहे, त्यांनी या पावसाळ्यात तिचा एक तरी शेंडा न खुडता ठेवावा, भिंग घेऊन चार पाकळ्यांसमोरचे चार पुंकेसर पाहावेत आणि वाटाण्याएवढे लाल फळ पिकले की ते न खाता फोडून आतले एकुलते बी पाठीपोटाकडून तपासावे.